अंधार नसला तरी चालेल, हवा स्थिर हवी

दुर्बीण विकत घेतली की पहिला सल्ला मिळतो तो शहराबाहेर पडण्याचा. मुंबई-पुण्याच्या दिव्यांतून काय दिसणार, वांगणीला जा, अमावास्या गाठा, असं अनुभवी लोकही सांगतात. दीर्घिका, तेजोमेघ, धूमकेतूची शेपटी यांच्यासाठी हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. चंद्र, गुरू, शनी, मंगळ आणि शुक्र यांची छायाचित्रं घ्यायची असतील तर मात्र तो चुकीच्या शत्रूकडे बोट दाखवतो. या सल्ल्यापायी अनेक चांगल्या दुर्बिणी वर्षातून दोनदा सहलीला जाऊन येतात आणि बाकीचे दिवस माळ्यावर पडून असतात. म्हणून ही गोष्ट ठामपणे सांगण्याची गरज आहे. ग्रहांच्या छायाचित्रणात ‘खराब परिस्थिती’ म्हणजे उजळ आकाश नव्हे, धुरकट आकाशही नव्हे. खराब परिस्थिती म्हणजे डळमळती हवा. आणि ही हवा सतत सारखीच खराब नसते. तिच्यात चांगले क्षण येतात, चांगले तास येतात. ते वेचता आले की गच्चीवरून घेतलेलं गुरूचं छायाचित्र निबिड अंधारातल्या छायाचित्राच्या तोडीस तोड उतरतं.

आधी उजेडाचा हिशेब करू. खगोलशास्त्रात तेज ‘प्रती’त मोजतात. आकडा मोठा तितका प्रकाश कमी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. कोनाचं माप विकलेत घेऊ. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. गुरूच्या बिंबाचा एक चौरस विकलेचा तुकडा घेतला तर त्याचं तेज साडेपाचव्या प्रतीच्या आसपास भरतं. मोठ्या शहराच्या उजळ आकाशाचा तेवढाच तुकडा साधारण साडेसतराव्या प्रतीचा असतो. फरक बारा प्रतींचा, म्हणजे गुरू त्या आकाशापेक्षा जवळपास साठ हजार पट उजळ. शनी गुरूपेक्षा तीन-चार पटींनी मंद आहे, तरी तोही शहरी आकाशाला हजारो पटींनी मागे टाकतो. चंद्राबद्दल तर बोलायलाच नको. शुक्र भर दुपारी दुर्बिणीतून दिसतो आणि त्याचं छायाचित्रही घेता येतं, यावरूनच काय ते कळावं. दिव्यांच्या प्रदूषणाचं हे समर्थन नाही. त्याने रात्रीचं आकाश आपल्यापासून हिरावून घेतलं आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ग्रहाच्या छायाचित्रात जो धूसरपणा येतो, त्याचा दोष रस्त्यावरच्या दिव्याला देता येत नाही.

तो दोष हवेचा आहे. थंड आणि उष्ण हवेचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो. अशा हवेचे लहानमोठे गोळे एकमेकांत मिसळत वाहत असतात, आणि त्यांतून येणारा प्रकाश सरळ न येता क्षणोक्षणी इकडेतिकडे वळतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरचं दृश्य थरथरताना दिसतं ते याच कारणाने. हौशी निरीक्षक या स्थिरता-अस्थिरतेला ‘सीइंग’ म्हणतात. न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की दुर्बीण कितीही उत्तम बनवली तरी हवेची ही थरथर तिला पार करता येणार नाही, आणि यावर उपाय एकच: उंच डोंगरमाथ्यावरची शांत हवा. लडाखमध्ये हानले इथे ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा उभी राहिली ती याच विचाराच्या वाटेने. मात्र न्यूटनच्या काळी नसलेला दुसरा एक उपाय आज आपल्या हाताशी आहे, आणि त्याला डोंगर लागत नाही.

त्या उपायाचं बीज डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणात सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मंगळावर सरळ रेषेतले कालवे दिसत असल्याचा बोलबाला झाला आणि पर्सिव्हल लोवेल यांनी त्यांवर आख्खी संस्कृती उभी केली. सप्टेंबर १९०९ मध्ये युजीन आंतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेतल्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला. म्यूदाँ काही हिमालयात नाही. मोठ्या शहराच्या कडेला, सखल भागात ती वेधशाळा आहे. पण त्या रात्री हवा विलक्षण स्थिर झाली आणि कालव्यांच्या जागी आंतोनियादींना असंख्य अनियमित ठिपके आणि छटा दिसल्या. डळमळत्या हवेत डोळ्याने त्यांच्याच रेषा जोडल्या होत्या. अनुभवी निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसतो तो अशाच स्थिर क्षणांची वाट पाहत. तो क्षण आला की मेंदू तेवढं चित्र उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. अडचण इतकीच की मेंदूने उचललेलं चित्र दुसऱ्याला दाखवता येत नाही आणि तपासताही येत नाही.

स्थिर क्षण किती वेळा येतो, याचं गणित डेव्हिड फ्राइड या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं. १९६६ साली त्याने हवेच्या गुणवत्तेला एक लांबी जोडली. सोप्या भाषेत सांगायचं तर दुर्बिणीच्या तोंडासमोरचा हवेचा केवढा पट्टा एका क्षणी एकजिनसी वागतो, ती ही लांबी. ती १० सेंटिमीटर असेल तर तारा साधारण एका विकलेएवढा पसरतो. ५ सेंटिमीटर असेल तर दोन विकला. ही दुसरी स्थिती मैदानी प्रदेशातल्या सर्वसाधारण रात्रीची म्हणायला हरकत नाही. १९७८ साली फ्राइडने पुढचा प्रश्न सोडवला: अगदी थोड्या वेळाच्या उघडझापीत जवळजवळ निर्दोष चित्र मिळण्याची शक्यता किती? उत्तर दुर्बिणीचा व्यास त्या लांबीच्या किती पट आहे, यावर ठरतं. वीस सेंटिमीटरची दुर्बीण आणि पाच सेंटिमीटरची हवा, म्हणजे चौपट: दर शंभरातली जवळपास ४६ चित्रं चांगली. तीस सेंटिमीटरची दुर्बीण घेतली की सहापट, आणि चांगली चित्रं पन्नासात एक. पस्तीसला सातपट: पावणेचारशेत एखादंच. दहापट झालं की दहा लाखांत एक. ‘मोठी दुर्बीण घेतली की चित्र सुधारेल’ या समजुतीवर हे आकडे रोखठोक बोलतात. दोन विकलांच्या हवेत वीस सेंटिमीटरची दुर्बीण आपल्या क्षमतेचा पुरेपूर वापर करून घेते. मोठ्या दुर्बिणीला मात्र नशिबाची वाट पाहावी लागते.

नशिबाची वाट पाहणं यंत्रावर सोपवता येतं, आणि आजची सगळी पद्धत यातूनच निघाली. एक छायाचित्र काढायचंच नाही, व्हिडिओ काढायचा. हवेचं रूप काही मिलिसेकंदांत बदलतं, म्हणून दर फ्रेम पाच ते पंधरा मिलिसेकंदांची ठेवायची. सेकंदाला शंभर फ्रेम धरल्या तर तीन मिनिटांत अठरा हजार फ्रेम जमतात. मग ‘ऑटोस्टॅकर्ट’सारखा प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमची स्पष्टता मोजतो, त्यांना उतरत्या क्रमाने लावतो आणि वरच्या दहा टक्के घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. बसवतानाही बिंबाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे जुळवतो, कारण हवा बिंबाचा एक कोपरा उजवीकडे आणि दुसरा डावीकडे ओढत असते. अठराशे फ्रेमची सरासरी घेतली की चित्रातली खरखर फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे बेचाळीस पटींनी खाली येते. आधी पिठूळ, कणीदार दिसणारी फ्रेम गुळगुळीत होते आणि मग ती धारदार करण्याची प्रक्रिया झेलू शकते. विसाव्या शतकाच्या अखेरीस फिल्मवर हे शक्य नव्हतं. साधे वेबकॅम दुर्बिणीला जोडले जाऊ लागले तेव्हा हौशी लोकांच्या हाती ही किल्ली आली.

मग व्हिडिओ तासभर का चालवू नये? कारण ग्रह फिरतो. गुरू स्वतःभोवती दहा तासांहूनही कमी वेळात फिरतो. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो तेव्हा, त्याचं बिंब जवळजवळ पन्नास विकलांचं असतं, तेव्हा मध्यभागावरचा डाग मिनिटाला पाव विकला सरकतो. वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीला ०.५८ विकलेपर्यंतचा तपशील वेगळा काढता येतो. म्हणजे दोन-अडीच मिनिटांनंतर गुरू स्वतःच आपलं चित्र फिस्कटवू लागतो. ‘विनज्युपोस’ हा प्रोग्रॅम लागोपाठच्या चित्रांतलं हे फिरणं हिशेबाने उलटवून ती जोडून देतो, त्यामुळे मुदत वाढवता येते. शनीवर ठळक डाग सहसा नसल्याने तिथे सवड जास्त. मंगळ आपल्या दिवसासारखाच सावकाश फिरतो. चंद्राला ही अडचणच नाही. वाढीव भिंग लावण्याचा मोहही इथेच आवरावा. २,००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या त्याच वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर २.९ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा लावला की एका पिक्सेलमध्ये ०.३ विकला येते, आणि दुर्बीण जेवढं दाखवू शकते ते सगळं त्यात मावतं. खराब हवेत बार्लो भिंग लावून बिंब दुप्पट केलं तर तपशील वाढत नाही; प्रकाश चौपट पसरतो, फ्रेमचा वेळ वाढवावा लागतो आणि स्थिर क्षण हातचा जातो.

हे झालं मिलिसेकंदांचं वेचणं. तासांचं वेचणं मला याहून महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे कुठलाही प्रोग्रॅम मदतीला येत नाही. हवेची थरथर दोन ठिकाणी जन्मते. एक दहा-बारा किलोमीटर उंचीवर, वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यात. हिवाळ्यात पश्चिमेकडून वाहणारा हा जेट प्रवाह उत्तर भारतावरून जातो. त्याची सगळ्यात जास्त झळ दिल्लीकरांना बसते. महाराष्ट्र दक्षिणेला असल्याने बराच सुटतो, पूर्ण सुटत नाही. दुसरं ठिकाण आपल्या पायांखाली आहे. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्र उलटली तरी उष्णता सोडत असतो. शेजारच्या इमारतीचे पत्रे, एसीचं बाहेरचं यंत्र, पाण्याची टाकी, यांवरून उठणारी गरम हवा थेट दुर्बिणीसमोरून जाते. घरातून आणलेली दुर्बीणही आत गरमच असते, म्हणून तास-दीड तास आधी बाहेर ठेवावी लागते. ज्या दिशेला ग्रह आहे त्या दिशेला पत्र्याची शेड असेल तर गच्चीऐवजी खाली मोकळ्या मैदानाच्या गवतावर जाणं हा शंभर किलोमीटर दूर जाण्यापेक्षा मोठा फायदा आहे. पहाटेची वेळ यासाठीच मोलाची: जमीन आणि हवा यांचं तापमान तोवर जवळ आलेलं असतं. सूर्यास्ताच्या सुमारासही अशी एक सम येते. आकाश तेव्हा काळं नसतं, पण वर पाहिलंच की गुरूला काळ्या आकाशाची गरज नाही.

धुरक्याबद्दल मोठा गैरसमज आहे. हिवाळ्यात शहरावर धुराचा थर बसतो तो खालची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून पडल्यामुळे. अडकलेली हवा ढवळली जात नाही, म्हणून तिच्यातून ग्रह मंद दिसला तरी अनेकदा आश्चर्य वाटावं इतका स्थिर दिसतो. उलट पाऊस पडून गेल्यावर वारा सुटतो, आकाश स्वच्छ धुतलेलं दिसतं, तारे लखलख चमकतात, आणि दुर्बिणीतला गुरू उकळत असतो. तारे लुकलुकताहेत म्हणून रात्र चांगली, असं समजणाऱ्याची इथे फसगत होते. लुकलुकणं हीच अस्थिरतेची खूण आहे. धुरक्याची किंमत मात्र मोजावी लागतेच: एका प्रतीने प्रकाश घटला तर आठ मिलिसेकंदांची फ्रेम वीसवर जाते, आणि मंद शनीच्या बाबतीत हे जाचतं. पातळ ढगांचं तसंच. दाट ढगांवर उपाय नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने बहुतांश वाया जातात, हेही मान्य करायला हवं.

आपल्या भूगोलाने मात्र आपल्याला एक मोठी देणगी दिली आहे. ग्रह क्षितिजाजवळ असला की त्याच्या प्रकाशाला हवेचा लांब प्रवास करावा लागतो, शिवाय हवा लोलकासारखी वागून रंग वेगळे करते; ४५ अंशांच्या उंचीवरसुद्धा जांभळ्या आणि तांबड्या प्रतिमांमध्ये सुमारे दीड विकलेचं अंतर पडतं. ते मिटवायला दोन लोलकांचं एक छोटं साधन मिळतं. पण ग्रह डोक्यावरच असेल तर त्याची गरजच उरत नाही. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू मुंबईहून ८७ अंश उंचीवर, म्हणजे जवळपास खमध्यावर होता. लंडनहून ६० अंशांवर. २०१९ साली गुरू दक्षिणेला असताना लंडनकरांना तो जेमतेम १६ अंशांवर मिळत होता, तेव्हाही मुंबईहून ४८ अंश होता. तेव्हाची प्रतियुती जूनमध्ये आली आणि पावसाने आपल्याकडचा लाभ हिरावला, हे खरं. हिवाळ्यातल्या प्रतियुतींच्या वर्षांत मात्र समशीतोष्ण देशांतल्या निरीक्षकांना हेवा वाटावा अशी आपली जागा आहे.

ज्यांच्याकडे मोठी दुर्बीण आहे त्यांनी खराब रात्री अवरक्त फिल्टर लावून पाहावा. लाटेची लांबी वाढली की फ्राइडची लांबीही वाढते, आणि सरळ प्रमाणापेक्षा थोडी जास्त वाढते. ५०० ऐवजी ७५० नॅनोमीटरला आपली पाच सेंटिमीटरची हवा आठ सेंटिमीटरची होते. पस्तीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीला पावणेचारशेत एक मिळणारी चांगली फ्रेम आता दर तीन-चार फ्रेममागे एक मिळते. मोबदल्यात सूक्ष्मता दीडपटीने घटते. चंद्र आणि मंगळासाठी हा सौदा फायद्याचा आहे. गुरूच्या बाबतीत विचार करावा. त्याचा प्रसिद्ध तांबडा डाग अवरक्त प्रकाशात फिका पडतो आणि चित्र डोळ्यांना दिसणाऱ्या गुरूहून वेगळं होतं.

एवढ्या खटाटोपातून काय हाती लागतं, ते चंद्रावरच्या प्लेटो विवरात पाहावं. सुमारे शंभर किलोमीटर व्यासाचं हे विवर. तळ लाव्हाने भरून सपाट, काळसर झालेला. शुद्ध नवमी-दशमीला तिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि कडेच्या शिखरांच्या सावल्या तळावर लांब पसरतात. या तळावर काही चिमुकली विवरं आहेत, त्यांतली मोठी दोन-अडीच किलोमीटरची. चंद्रावर एक विकला म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर, म्हणून दोन विकलांच्या हवेत नुसता फोटो काढला तर पावणेचार किलोमीटरपेक्षा लहान काहीही पुसलं जातं आणि प्लेटोचा तळ कोरा दिसतो. त्याच रात्री, त्याच दुर्बिणीतून, निवडलेल्या फ्रेम एकत्र केल्या की तळावर बारीक खळगे उमटतात: प्रत्येकाची एक कड उजळ, दुसरी काळी. हवा बदललेली नसते. तिने जे क्षण मोकळे सोडले तेवढेच घेतलेले असतात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. हजारो फ्रेममधून हव्या त्या निवडायच्या, त्या जोडायच्या, वर संगणकाने धार काढायची. मग हे छायाचित्र राहिलं कुठे, ही तर बनवलेली प्रतिमा! निवडीबद्दलचं उत्तर सोपं आहे. प्रोग्रॅम फ्रेम निवडतो ती गुरूवर अमुक डाग दिसतो म्हणून नव्हे, तर कडा तीक्ष्ण आहेत म्हणून. हवेने कमी बिघडवलेला पुरावा निवडणं म्हणजे पुरावा रचणं नव्हे. धार काढण्याबद्दलचा संशय मात्र रास्त आहे. ही प्रक्रिया अति झाली की मंगळाच्या उजळ कडेच्या आत एक खोटी काळी रेघ उमटते, शनीच्या कड्यांत नसलेल्या फटी पडतात, चंद्राच्या विवरांभोवती पांढरी वलयं येतात. यंत्रशिक्षणावर चालणारे काही प्रोग्रॅम तर तपशील ओळखण्याऐवजी अंदाजाने भरू शकतात. ग्रहांच्या कामात ते वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कालव्यांची चूक डोळ्याने केली होती, तीच आता संगणकाकडून करून घेण्यात अर्थ नाही. कसोटी अवघड नाही. दहा मिनिटांच्या अंतराने दोन स्वतंत्र व्हिडिओ घ्यावेत, दोन्हींवर तेच संस्कार करावेत. जो तपशील दोन्हींत येतो आणि ग्रहाबरोबर सरकतो तो खरा. जो एकातच येतो, किंवा सरकत नाही, तो सोडून द्यावा.

अशा शिस्तीने केलेलं काम विज्ञानाला उपयोगी पडतं, याला दाखले आहेत. फिलिपिन्समधलं सेबू हे विषुववृत्ताजवळचं दमट, दिव्यांनी उजळलेलं किनारी शहर. तिथल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने २००६ साली गुरूवरच्या एका पांढऱ्या वादळाचा रंग तांबडा झाल्याचं सर्वप्रथम दाखवलं. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियात कॅनबराजवळ अँथनी वेस्ली गुरूचे व्हिडिओ घेत होते. ग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळ कडेला एक अस्पष्ट काळसर ठिपका दिसला. हवा खराब होती, त्यामुळे ते ध्रुवाजवळचं नेहमीचंच एखादं वादळ असावं असं त्यांना वाटलं. ग्रह फिरत गेला, हवा सुधारत गेली, आणि तो ठिपका लाल, हिरव्या, निळ्या अशा प्रत्येक रंगात काळाच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. उपग्रहाची सावली म्हणावी तर तिथे कोणत्याही उपग्रहाची सावली त्या वेळी पडत नव्हती. काहीतरी गुरूवर आदळलं होतं. वेस्लींनी खबर दिली, हवाईतल्या नासाच्या दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात त्याला दुजोरा दिला, आणि चारच दिवसांनी हबल दुर्बिणीने त्या जखमेचं छायाचित्र घेतलं.